आयात शुल्क उतरलं, गरिबी उतरली का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवताना १९९१ चा धडा आला की दरवर्षी तेच प्रश्न येतात. काही विद्यार्थ्यांचे असतात. बरेचसे त्यांच्या वडिलांचे, मुलाच्या तोंडून आलेले. वर्गात तासाची घंटा होते आणि उत्तर अर्धवट राहतं, म्हणून ते इथे सावकाश लिहिलं आहे.

व्यापार उदारीकरण म्हणजे 'खाउजा'च ना?

त्यातला एक तुकडा. खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण ही तीन वेगवेगळी कामं आहेत आणि 'खाउजा' या शब्दाने त्यांची एकच मोळी बांधली. सरकारी कंपनी विकणं म्हणजे व्यापार उदारीकरण नव्हे. परदेशी माल आत येताना आणि आपला माल बाहेर जाताना सरकार ज्या आडकाठ्या घालतं त्या कमी करणं, एवढाच त्याचा अर्थ. आयात शुल्क, आयातीचे परवाने, कोटे, निर्यातबंदी या त्या आडकाठ्या. शेवटची लोक विसरतात, कारण ती आपल्याच मालावर असते. तिच्याकडे कांद्याच्या प्रश्नात येऊ.

१९९१ मध्ये नेमकं झालं काय?

परकीय चलन संपत आलं होतं. दोन-तीन आठवड्यांची आयात भागेल एवढेच डॉलर शिल्लक होते. रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं परदेशात तारण गेलं. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं आणि २४ जुलैला मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला. त्याआधी काही वस्तूंवर ३०० टक्क्यांहून जास्त शुल्क होतं. कमाल दर आधी १५० वर आणि पुढची काही वर्षं पायरीपायरीने आणखी खाली आला. सरासरी शुल्क १९९० मध्ये ८० टक्क्यांच्या आसपास होतं, ते १९९६ मध्ये ३७ टक्क्यांवर आलं.

अभ्यासकांसाठी यातली सोयीची गोष्ट अशी की हे सगळं अचानक आणि कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींखाली झालं. कोणत्या उद्योगाचं शुल्क किती कापायचं, यावर दिल्लीत वशिला लावायला फारसा कुणाला वेळच मिळाला नाही. त्यामुळे शुल्ककपातीचा परिणाम इतर कारणांपासून थोडाफार वेगळा काढता येतो.

एक दुरुस्ती मात्र दरवर्षी करावी लागते. '१९९१ ला शेती खुली झाली' हे खरं नाही. तेव्हा खुली झाली ती मुख्यतः यंत्रसामग्री, सुटे भाग, कच्चा माल. पामतेल १९९४ ला मोकळं झालं. ग्राहकोपयोगी वस्तू आणि शेतमालावरचे परवान्यांचे निर्बंध तर अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत खटला जिंकल्यावर उठले. शेवटच्या ७१५ वस्तू मोकळ्या झाल्या १ एप्रिल २००१ ला.

मग त्यानंतर देशातली गरिबी कमी झाली की वाढली?

कमी झाली. तेंडुलकर समितीच्या मोजपट्टीने १९९३-९४ मध्ये ४५.३ टक्के लोक गरीब होते, २००४-०५ मध्ये ३७.२ टक्के आणि २०११-१२ मध्ये २१.९ टक्के. रेषा कुठे आखावी यावर वाद आहे, मोजणीच्या पद्धतीवर तर त्याहून मोठा. १९९९-२००० च्या पाहणीत घरातल्या खाण्यापिण्याचा खर्च 'गेल्या ३० दिवसांत' आणि 'गेल्या ७ दिवसांत' असा दोन्ही तऱ्हांनी विचारला गेला. माणसाला आठवड्याचं जास्त चांगलं आठवतं, त्यामुळे गरिबी एकाएकी कमी दिसली आणि त्या आकड्यांवरून अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडले. पण उतार खरा आहे, हे बहुतेकांना मान्य आहे.

इथे विद्यार्थी पेन खाली ठेवतात. 'शुल्क उतरलं, गरिबी उतरली, म्हणजे शुल्कामुळे गरिबी उतरली.' असं म्हणायचं तर त्याच काळात मोबाईलही आले, रस्तेही झाले, रोजगार हमीही देशभर गेली. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही. त्यासाठी देश सोडून जिल्ह्यात उतरावं लागतं.

जिल्ह्यात उतरल्यावर काय दिसतं?

पेतिया तोपालोवा या अर्थतज्ज्ञ बाईंनी हेच केलं. प्रत्येक जिल्ह्यात उदारीकरणाआधी कोण कशात काम करत होतं हे जनगणनेतून घेतलं आणि त्या त्या मालावरचं शुल्क किती उतरलं ते त्याला जोडलं. समजा, एका जिल्ह्यात बरेच लोक अशा धंद्यात आहेत ज्याचं संरक्षण एकदम गेलं, आणि शेजारच्या जिल्ह्यात असा धंदाच नाही. मग दोन्ही ठिकाणी गरिबी सारख्याच वेगाने कमी झाली का?

ग्रामीण भागात झाली नाही. शुल्ककपातीचा जास्त मार बसलेल्या ग्रामीण जिल्ह्यांत गरिबी कमी होण्याचा वेग मंद राहिला, खर्चाची वाढही कमी राहिली. सगळ्यात जास्त झळ तळच्या लोकांना आणि जे जागचे हलू शकत नाहीत त्यांना बसली. कामगार कायदे ताठर असलेल्या राज्यांत ती जास्त होती, कारण तिथे एका धंद्यातले हात दुसऱ्या धंद्यात सहज जात नव्हते.

वाक्य नीट वाचा, कारण परीक्षेत आणि चॅनलवर दोन्हीकडे ते उलटं लिहिलं जातं. त्या जिल्ह्यांत गरिबी वाढली असा हा निष्कर्ष नाही. इतरांची जेवढी कमी झाली तेवढी त्यांची झाली नाही. बसमध्ये सगळेच चढले, पण काही जण पुढच्या गावापर्यंत लोंबकळत गेले.

यावर वाद नाही का? आहे. राणा हसन, देवाशिष मित्रा आणि बेझा उरल यांनी वेगळ्या तऱ्हेने मोजलं. खुलेपणामुळे गरिबीवर वाईट परिणाम झाल्याचं त्यांना आढळलं नाही. उलट कामगार कायदे लवचिक असलेल्या राज्यांत खुल्या व्यापाराबरोबर गरिबी जास्त घटलेली दिसली. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की भांडण वाटतं त्यापेक्षा लहान निघतं. माणूस एका कामातून दुसऱ्या कामात किती सहज जाऊ शकतो, या एकाच खुंटीला दोघांचीही दोरी बांधलेली आहे.

पण लोक दुसरीकडे का जात नाहीत? पुण्याला जायला एसटी आहे की.

अर्थशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत कामगार पाण्यासारखा असतो, एका उद्योगातून आटला की दुसऱ्यात वाहतो. इचलकरंजीतला यंत्रमागावरचा माणूस डोळ्यासमोर आणा. विणकराला मजुरी कापडावर मिळते आणि मागमालक स्वतः 'खर्चीवाला' असला, म्हणजे दुसऱ्याचं सूत घेऊन कापड विणून देणारा, तर त्याचीही मजुरी पिकावर, म्हणजे इंचात आडवे धागे किती पडले त्यावर ठरते. बाहेरून स्वस्त कापड आलं की बड्या व्यापाऱ्याला फरक पडायच्या आधी पिकामागचे पैसे तुटतात. हा माणूस पंधरा वर्षं मागाच्या खडखडाटात उभा राहिलेला आहे. धागा तुटला की कानाने ओळखतो. चाकणच्या कारखान्यात त्या कानाला कोण विचारतं? तिथे आयटीआयचा कागद लागतो.

शिवाय खोलीचं डिपॉझिट, मुलीची दहावी, म्हातारी आई. रेशनकार्ड दुसऱ्या गावी चालायला लागलं ते अलीकडे. अडीअडचणीला उसने पैसे देतात ते भावकीतले आणि जातीतले, आणि ते गावातच असतात. हे शेवटचं कारण कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी अभ्यासातून दाखवलं आहे: शहरात मजुरी बरीच जास्त असूनही भारतातले पुरुष गाव कमी सोडतात, कारण ही उसनवारीची हमी सुटते. पुण्याला जाणारी एसटी स्वस्त आहे. जाणं महाग आहे.

खुल्या व्यापाराने गरीब देशांत विषमता कमी होईल, असं पाठ्यपुस्तकात लिहिलं आहे. खरं काय?

ते १९४१ चं स्टॉल्पर-सॅम्युएलसन प्रमेय. गरीब देशाकडे अकुशल हात भरपूर. व्यापार खुला झाला की तो देश हातकामाचा माल विकेल, हातांना मागणी येईल, मजुरी वाढेल, दरी कमी होईल. फळ्यावर हे इतकं सुंदर दिसतं की पुसवत नाही.

प्रत्यक्षात १९८० आणि ९० च्या दशकात मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना, भारत अशा अनेक देशांत शिकलेल्यांचा पगार न शिकलेल्यांच्या मजुरीपेक्षा वेगाने वाढला. पिनेलोपी गोल्डबर्ग आणि नीना पावनिक यांनी या सगळ्या पुराव्याचा आढावा घेतला आहे. का झालं असं? एक तर मेक्सिको, कोलंबियासारख्या देशांत सगळ्यात जास्त संरक्षण होतं ते कापड, चपला अशा हातकामाच्याच उद्योगांना. शुल्क उतरलं तेव्हा कुऱ्हाड तिथेच पडली. दुसरं, स्वस्तात आयात झालेल्या यंत्राबरोबर ते चालवणाऱ्या माणसाची गरजही येते. भोसरीत सीएनसी मशीन आलं की प्रोग्रामिंग येणाऱ्या पोराचा पगार वाढतो आणि लेथवर हात बसलेले दोघे कंत्राटी होतात. तिसरं, श्रीमंत देश जी कामं बाहेर देतात ती त्यांच्या दृष्टीने कमी कौशल्याची असतील, पण आपल्याकडे तीच जास्त शिकलेल्याची कामं ठरतात. हिंजवडी यावरच उभी राहिली. चौथं म्हणजे चीन. अकुशल हातांच्या बाजारात आपण एकटे नव्हतो.

विषमतेचे आकडेही मोजाल तसे बदलतात. घरखर्चावरून मोजलं तर भारतातली विषमता थोडीशीच वाढलेली दिसते. उत्पन्नावरून, करविवरणांची जोड देऊन मोजलं तर वरच्या एक टक्का लोकांचा वाटा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ६ टक्के होता, तो २०२२-२३ पर्यंत २२ टक्क्यांच्या वर गेल्याचं तोमा पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अंदाज सांगतो. त्यातलं शुल्ककपातीमुळे किती आणि शेअर बाजार, जमिनी, करांचे उतरलेले दर यांमुळे किती, हे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

गिरणगाव उदारीकरणाने संपवलं ना?

नाही. तारखा पाहा. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरण्यांची घरघर त्याही आधीची: जुनी यंत्रं, पैसा दुसरीकडे वळवणारे मालक, भिवंडी-मालेगावकडे सरकलेलं विणकाम. १९९१ नंतर झालं ते जमिनीचं. मुंबईत जागेला सोन्याचा भाव आला आणि गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची ठरली. उदारीकरणाला शिव्या द्यायच्याच असतील तर त्यासाठी खरी कारणं पुरेशी आहेत, खोट्याची गरज नाही.

तेलावरचं आयात शुल्क वाढवलं की सोयाबीनवाल्याचं भलं होतं. यात तरी वाद नाही ना?

हा आमच्याकडचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून हिशेबच मांडू.

१४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेलं. मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन काढणीला आलेलं, विधानसभेची निवडणूक तोंडावर. बंदरात तेल किलोला १०० रुपयांना पडतं असं धरू. खरा भाव रोज हलतो, हे फक्त गणित सोपं व्हावं म्हणून. फरक पडला किलोमागे २२ रुपये. पाच माणसांच्या घरात महिन्याला चार किलो तेल लागत असेल तर ८८ रुपयांचा भुर्दंड.

आता शेतकऱ्याची बाजू. एक क्विंटल सोयाबीनमधून तेल निघतं साधारण १८ किलो. मधल्या कुणीही एक पैसा न ठेवता सगळा फायदा शेतापर्यंत पोचला असं धरलं तर क्विंटलला ३९६ रुपये. कमी नाहीत. पण हातात आले का? त्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार समित्यांतला दर बराच काळ त्याच्या खालीच राहिला.

कारण सोयाबीन नावाला तेलबिया आहे. क्विंटलमधलं सुमारे ८० किलो वजन असतं पेंडेचं, ज्याला बाजारात डीओसी म्हणतात. ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते, परदेशात जाते. त्या वर्षी पेंडेचा भाव जगभर मंदीत होता. देशात मक्यापासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्यांचा उरलेला चोथा, डीडीजीएस, पोल्ट्रीवाल्यांना स्वस्तात मिळू लागला होता. तेलाने भाव वर ओढला, पेंडेने खाली. खरेदी केंद्रावर नेलं तर ओलाव्याचं यंत्र १२ च्या वर आकडा दाखवायचं आणि पोती परत. नोव्हेंबरमध्ये मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, तोवर गरजवंताने माल आडत्याकडे टाकलेला होता.

म्हणजे तेलाच्या पिशवीमागे गिऱ्हाइकाने जास्त मोजले आणि शेतकऱ्याला त्यातलं फार थोडं दिसलं. जिच्याकडे गुंठाभर रान नाही, जी दुसऱ्याच्या शेतात सोयाबीन काढायला उक्तं घेऊन जाते, तिने तर फक्त मोजलेच. मे २०२५ च्या शेवटी कच्च्या खाद्यतेलाचं एकूण शुल्क पुन्हा १६.५ टक्क्यांवर आलं.

जाता जाता: जागतिक व्यापार संघटनेत भारताने पामतेलावर कमाल ३०० टक्के शुल्काची मुभा राखून ठेवली आहे, पण सोयाबीन तेलावर फक्त ४५ टक्क्यांची. जुन्या वाटाघाटींत दिलेला शब्द आपल्याला अजून बांधून आहे.

कांद्याची निर्यात बंद केली की गरिबांना स्वस्त कांदा मिळतो. त्यात वाईट काय?

शहरातल्या गरिबाला मिळतो, हे खरंच आहे. शेतमजुरालाही मिळतो, तोही कांदा विकतच घेतो. प्रश्न असा की ही सूट कुणाच्या खिशातून दिली जाते.

क्रम आठवा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून स्वस्त बाहेर विकायचं नाही. ८ डिसेंबरला सरळ बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ५५० डॉलर आणि ४० टक्क्यांसह. सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्के. १ एप्रिल २०२५ ला शून्य. वीस महिन्यांत सहा वेळा नियम बदलले. कांदा लागवडीपासून काढणीपर्यंत साधारण चार महिने घेतो. रोप लावताना असलेला नियम काढताना असेलच याची हमी नव्हती.

आता डिसेंबर हा महिना का टोचतो ते पाहा. उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो. भाव पडला तर चाळवाला थांबतो. डिसेंबरात बाजारात असतो लाल कांदा, तो टिकत नाही. काढला की विकायचाच. बंदीच्या दिवशी लासलगावच्या पट्ट्यात लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला, कारण ट्रॉलीतल्या मालाला थांबायची सोयच नव्हती. समजा एका ट्रॉलीत २५ क्विंटल आहे आणि भाव क्विंटलला हजाराने तुटला. एका दुपारी २५ हजार गेले. वर हमाली, तोलाई, ट्रॅक्टरचं भाडं हिशोबपट्टीत जसंच्या तसं.

शुल्क लावा वा काढा, चाळ असलेला आणि चाळ नसलेला यांच्यावर त्याचा परिणाम सारखा होत नाही. मघाशी माणसं हलू शकत नव्हती, इथे माल हलू शकत नाही.

मेक्सिकोतल्या मक्याचं उदाहरण सगळे देतात. काय आहे ते?

१ जानेवारी १९९४ ला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा नाफ्टा करार लागू झाला. त्याच दिवशी मेक्सिकोच्या दक्षिणेला, चियापासमध्ये, झापातिस्ता नावाच्या बंडखोरांनी उठाव केला. अमेरिकेच्या मोठ्या शेतांतला अनुदानित मका आणि दोन-चार एकरांचा डोंगराळ मका यांची गाठ घालून दिली गेली होती. देशी मक्याचा भाव पडला. मक्यासाठी पंधरा वर्षांची सवलतीची मुदत ठेवली होती, पण सरकारने कोट्याबाहेरची आयातही शुल्काशिवाय आधीच आत येऊ दिली.

तरी 'मेक्सिको बुडाला' एवढं म्हणून भागत नाही. अनेक अगदी लहान शेतकरी मका विकत नव्हतेच, घरी खात होते, वर विकत घेत होते. आणि अमेरिकेच्या सीमेलगतच्या उत्तरेकडच्या राज्यांत कारखाने आले, तिथली मजुरी दक्षिणेच्या तुलनेत सावरली. करार एकच, पण उत्तर मेक्सिकोत त्याचा एक अर्थ आणि चियापासमध्ये दुसरा.

निदान काही वर्षांनी सगळं आपोआप सुरळीत होत असेल?

ब्राझीलने ही आशा मोडली. तिथे १९९० ते ९५ दरम्यान शुल्क कापलं गेलं. राफाएल दिक्स-कार्नेइरो आणि ब्रायन कोव्हाक यांनी ज्या भागांवर जास्त मार पडला होता त्यांचा वीस वर्षं पाठलाग केला. कायम नोकऱ्या आणि कमाई यांतली घसरण दहा वर्षांनी भरून निघाली नाहीच, विसाव्या वर्षी ती दहाव्या वर्षापेक्षा सुमारे तिप्पट झाली होती. कारखाना गेला की मेसवाला जातो, मग गाळे रिकामे, मग नवा कारखानदार तिथे येतच नाही.

मग फायदा झालेले देश आहेत की नाहीत?

आहेत, आणि त्यांच्याबद्दल आमच्याकडे कमी बोललं जातं. व्हिएतनामचा अमेरिकेशी करार डिसेंबर २००१ ला लागू झाला. अमेरिकेत त्यांच्या मालावरचं सरासरी शुल्क सुमारे २३ टक्क्यांवरून अडीच टक्क्यांच्या आसपास आलं. ज्या प्रांतांच्या मालाला याचा जास्त फायदा होता तिथे गरिबी जास्त वेगाने घटली, असं ब्रायन मकेग यांना आढळलं. इथे दार समोरच्याने उघडलं होतं, हा फरक लक्षात घ्या. भारताच्या १९९१ मध्ये आपण आपलं दार उघडलं होतं.

बांगलादेशची गोष्ट १९७९ ची. तिथल्या देश गारमेंट्स या कंपनीने सुमारे १३० जणांना दक्षिण कोरियात देवू कंपनीकडे शिलाई शिकायला पाठवलं. परत आल्यावर त्यातल्या अनेकांनी स्वतःचे कारखाने काढले. आज त्या धंद्यात सुमारे ४० लाख कामगार आहेत, बहुसंख्य बायका. घरातून पहिल्यांदा पगारासाठी बाहेर पडलेल्या. त्याच धंद्यात २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा कोसळून ११०० हून जास्त माणसं दगावली. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते. यातली एकच बाजू सांगणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकत असतो.

दुसऱ्या देशाने दार लावलं तर आपल्यावर काय होतं?

वरूड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला विचारा. त्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. त्यांनी काही वर्षांत संत्र्यावरचं आयात शुल्क किलोला २० टक्यांवरून ८८ टक्यांवर नेलं. (हा टका त्यांच्या चलनाचा, आपला शेकड्याचा नव्हे. वर्गात यावर दरवर्षी एक जण फसतो.) निर्यातीचा माल देशातच तुंबला आणि भाव पडला.

दार नेहमी शुल्काचंच असतं असंही नाही. २०१० मध्ये नाशिकची द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वॅट या संजीवकाच्या अंशांमुळे. तेव्हापासून तपासण्या, नोंदवह्या, प्रमाणपत्रं आणखी वाढली. दहा एकरवाल्याला तो खर्च झेपतो. दीड एकरवाला लोकल मार्केटला देऊन मोकळा होतो.

मुलांच्या शाळेवर परिणाम होतो का?

होतो, आणि हा मला सगळ्यात जास्त लागणारा निष्कर्ष आहे. १९९० च्या दशकात भारतात शाळेत जाणारी मुलं सगळीकडेच वाढली. पण एरिक एडमंड्स, पावनिक आणि तोपालोवा यांना दिसलं की शुल्ककपातीचा जास्त मार बसलेल्या ग्रामीण जिल्ह्यांत ही वाढ कमी झाली. मुलं कमावायला लागली हे मुख्य कारण नव्हतं. शाळेचा खर्च वाचवला जात होता. दप्तर, गणवेश, फी. उलट उदाहरणही आहे: व्हिएतनामने १९९० च्या दशकात तांदळाच्या निर्यातीवरची बंधनं सैल केली, तांदूळ महागला, पिकवणाऱ्या घरांत पैसा आला आणि बालमजुरी घटली.

ज्यांचं नुकसान झालं त्यांना भरपाई द्यायला हवी होती का?

हवी होती. १९९२ मध्ये राष्ट्रीय नवीकरण निधी काढला होता. विस्थापित कामगारांना नवं कौशल्य शिकवणं हा उद्देश, पण पैसा मुख्यतः सरकारी कंपन्यांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर गेला. विणकर, लहान कारखान्यातला रोजंदार, यांचं नाव कुठल्या हजेरीपटावरच नव्हतं, त्यांना काय देणार?

प्रत्यक्षात कामाला आली ती वेगळ्याच कारणासाठी बनलेली योजना. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या आग्रहाने रोजगार हमी उभी राहिली आणि २००५ मध्ये तिच्याच धर्तीवर देशाचा कायदा झाला. नोकरी कशामुळे गेली हे ती विचारत नाही. दुष्काळाने, पुराने, की दिल्लीच्या अधिसूचनेने. काम मागणारा गावातच असतो आणि काम गावातच मिळतं.

सर, तुम्ही बाजूने की विरोधात?

यंत्रं आणि कच्चा माल स्वस्त होण्याच्या बाजूने, नि:शंक. १९९१ नंतर देशी कंपन्यांनी जी नवी उत्पादनं काढली त्यातली जवळपास ३१ टक्के आयात कच्च्या मालावरचं शुल्क उतरल्यामुळे शक्य झाली, असा गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांचा हिशेब आहे. नोकऱ्या तिथूनच येतात. शेतमालाबाबत माझा आग्रह एवढाच की जो नियम असेल तो पेरणीपासून विक्रीपर्यंत टिकावा. आणि शुल्क कापताना, ते कोणत्या तालुक्यावर पडणार आहे हे कुणीतरी आधी पाहावं. १९९१ ला ते कुणी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हा वेळही नव्हता. आता आहे.

आमच्या तालुक्यावर काय परिणाम झाला, हे प्रकल्पासाठी कसं शोधू?

तीन वस्तू निवडा, ज्यांवर तालुक्यातली सगळ्यात जास्त घरं चालतात. पिकं असोत, कापड असो, काजू असो. (सिंधुदुर्गवाले असाल तर काजूच घ्या: आफ्रिकेतून स्वस्त कच्ची बी आली की प्रक्रिया कारखाने बारा महिने चालतात आणि बागायतदाराच्या बीचा भाव पडतो. एकाच गावात दोन्ही पक्ष भेटतील.) कोण कशात काम करतं ते जनगणनेतून घ्या. शुल्क कधी बदललं त्याच्या अधिसूचना केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर तारखेनिशी असतात, निर्यातबंदीच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या. बाजार समितीतले रोजचे दर अ‍ॅगमार्कनेटवर मिळतील. अधिसूचनेच्या तारखेच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन महिने एका कागदावर मांडा. शेजारच्या, ती वस्तू न पिकवणाऱ्या तालुक्याचेही मांडा, नाहीतर पावसाचा परिणाम शुल्काच्या नावावर लिहाल.

मग दहा घरांत जा आणि एकच प्रश्न विचारा: भाव पडला त्या वर्षी घरातलं कोण बाहेरगावी गेलं? बहुतेक घरांत आधी 'कुणीच नाही' असं उत्तर येतं. तिथे लगेच उठू नका. चहा येईपर्यंत बसा.